बिनसहीचा ड्रायव्हर : विंडोज का अडवते आणि बसवायचाच असेल तर कसा

नाशिकच्या सातपूर आणि अंबड एमआयडीसीत महिंद्रा, बॉश (जुन्या लोकांची 'मायको') अशा मोठ्या कारखान्यांच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारी असंख्य छोटी वर्कशॉप आहेत. त्यातल्या अनेक ठिकाणी सीएनसी मशीन वीस-पंचवीस वर्षांचं असतं आणि अजून ठणठणीत चालतं. त्याला प्रोग्राम पाठवायचा तर नऊ पिनांचा सीरियल पोर्ट लागतो. जुना पीसी बंद पडतो, नवा लॅपटॉप येतो, त्याला तो पोर्ट नसतो. मग दोन-तीनशे रुपयांची यूएसबी-टू-सीरियल केबल येते, सोबत एक छोटी सीडी किंवा कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली झिप फाइल. ती चालवली की विंडोज सांगते, या ड्रायव्हरची डिजिटल सही पडताळता येत नाही. इकडे जॉब थांबलेला, शिफ्ट वाया चाललेली. अशा वेळी 'सही तपासणंच बंद करून टाक' हा सल्ला पहिला मिळतो. तो कधी बरोबर असतो, कधी निरुपयोगी आणि कधी महागात पडणारा.

सही म्हणजे नेमकं काय?

ड्रायव्हर हे हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामधलं सॉफ्टवेअर. बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात चालतात. तिथे त्यांना जवळपास सगळी मोकळीक असते. मेमरी वाचता येते, अँटिव्हायरस बंद पाडता येतो. ड्रायव्हरमध्ये चूक असेल तर एक प्रोग्राम नव्हे, सगळा कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसतो.

म्हणून ड्रायव्हरच्या पॅकेजसोबत एक कॅटलॉग फाइल येते. पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलचा गणिती ठसा तिच्यात असतो आणि त्यावर प्रकाशकाची डिजिटल सही असते. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. इन्फ फाइल नोटपॅडमध्ये उघडून त्यात आपल्या उपकरणाचा क्रमांक टाकला की सही मोडते, ती यामुळेच.

२००७ साली सर्वसामान्यांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून कर्नल ड्रायव्हरला सही सक्तीची झाली. २०१६ च्या विंडोज १० आवृत्ती १६०७ पासून नियम आणखी कडक झाला. नव्या कर्नल ड्रायव्हरवर आता कंपनीची सही पुरत नाही, तो मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून सही होऊन यावा लागतो. जुन्या प्रमाणपत्रांना आणि सिक्युअर बूट बंद असलेल्या कॉम्प्युटरना काही सवलती ठेवल्या गेल्या. एकच ड्रायव्हर शेजारच्या पीसीवर बसतो आणि आपल्यावर बसत नाही, याचं उत्तर बरेचदा या सवलतींमध्ये असतं.

आधी दुखणं सहीचंच आहे का, ते पाहा

डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळ्या त्रिकोणाच्या उपकरणावर डबल क्लिक करा आणि कोड वाचा. कोड ५२ म्हणजे सही पडताळता आली नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होत नाही. याचा सहीशी सहसा संबंध नसतो.

सीरियल केबलच्या बाबतीत हा कोड १० फार फसवतो. स्वस्त केबलींमध्ये प्रोलिफिक कंपनीची पीएल २३०३ ही चिप, तिची जुनी आवृत्ती किंवा चक्क नक्कल असते. कंपनीचा नवा ड्रायव्हर अशा चिपला नकार देतो. विंडोज ११ वर तर उपकरणाच्या नावाच्या जागीच 'ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसतो. इथे सहीची तपासणी बंद करून काहीही होत नाही, कारण नकार देणारा ड्रायव्हर व्यवस्थित सही असलेला आहे. केबल बदलणे हाच सरळ मार्ग. इंजिनिअरिंगची मुलं वापरतात त्या स्वस्त आर्डुइनो बोर्डांवरची सीएच ३४० चिपही अशीच उगाच बदनाम आहे. तिचा सही असलेला ड्रायव्हर उपलब्ध आहे.

आणखी एक गोष्ट. ड्रायव्हर ३२-बिटचा असेल आणि विंडोज ६४-बिटची, तर तो कुठल्याही युक्तीने चालणार नाही. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. जुन्या स्कॅनर-प्लॉटरच्या सीडीवर बहुधा ३२-बिट ड्रायव्हरच असतो.

बसवायचाच असेल तर

आधी बिटलॉकरकडे बघा. नव्या लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन अनेकदा आपल्याला न कळता सुरू असतं. सिक्युअर बूट किंवा बूटच्या सेटिंगला हात लावला की पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे की नाही, हे आधी तपासून कागदावर उतरवा. ती नसेल तर अडतो तो ड्रायव्हर नाही, सगळा डेटा. रिस्टोअर पॉइंटही करून ठेवा.

तात्पुरता मार्ग असा : शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. यादी आली की ७ किंवा एफ ७ दाबा. विंडोज सुरू झाल्यावर ड्रायव्हर बसवा. लाल पट्टीची सूचना येईल, तरीही बसवा हा पर्याय निवडा.

ही सूट पुढच्या रीस्टार्टपर्यंतच असते, हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. ड्रायव्हरची कर्नल फाइलच बिनसहीची असेल, तर उद्या सकाळी कॉम्प्युटर सुरू केल्यावर पुन्हा कोड ५२. फक्त इन्फ फाइल बिनसहीची असेल आणि ती विंडोजचाच सही असलेला ड्रायव्हर वापरत असेल, तर मात्र एकदा बसवलेलं पुढेही चालतं.

कायमचा मार्ग म्हणजे टेस्ट मोड. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिटने 'टेस्टसायनिंग' ऑन करतात. तो सिक्युअर बूट बंद असल्याशिवाय चालू होत नाही आणि पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 'टेस्ट मोड' ही अक्षरं दिसत राहतात. यात अगदी बिनसहीचा ड्रायव्हर चालत नाही. त्याला निदान स्वतः तयार केलेल्या चाचणी-प्रमाणपत्राची सही लागते. ही सोय ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी आहे. ज्या कॉम्प्युटरवर जीएसटी भरला जातो, टेंडरसाठी डिजिटल सिग्नेचरचा टोकन लावला जातो किंवा बँकेचे व्यवहार होतात, तिथे टेस्ट मोड ठेवणं मला तरी वेडेपणाचं वाटतं.

सही असली म्हणजे निर्धास्त?

तसंही नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा व्हायरस इराणच्या नतांझ इथल्या सेंट्रिफ्यूजवर सोडला गेला होता. त्याच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांची सही होती आणि तो पेनड्राइव्हवरूनही पसरत होता. २०२० मध्ये सोफोसने दाखवून दिलं, की रॉबिनहूड नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर गिगाबाइटचा सही असलेला पण सदोष ड्रायव्हर सोबत आणून अँटिव्हायरस बंद पाडतं. आणि २०१४ मध्ये एफटीडीआयच्या सही असलेल्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळखक्रमांक शून्य करून केबली निकामी केल्या होत्या. विंडोज अपडेटमधून घरोघर गेलेला तो ड्रायव्हर ओरड झाल्यावर मागे घेतला गेला.

म्हणूनच आता विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटेग्रिटी आणि सदोष ड्रायव्हरांची बंदीयादी आहे. सही असूनही जुना ड्रायव्हर अडतो तेव्हा कारण इथे सापडू शकतं.

वर्कशॉपसाठी व्यवहार्य तोड

ज्या ड्रायव्हरचा स्रोत खात्रीचा आहे पण सही मिळणं शक्य नाही, उदाहरणार्थ बंद पडलेल्या कंपनीचं इंटरफेस कार्ड, त्याच्यासाठी एक जुना पीसी वेगळा ठेवा. त्याला इंटरनेट नको, वायफाय नको, ऑफिसची टॅली नको. प्रोग्राम नेण्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा आणि तो दर वेळी दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासून घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून फुकट मिळणारी सॉफ्टवेअर तिथे चुकूनही नकोत.

आपल्या रोजच्या कॉम्प्युटरवर आधी कुणी काय बसवून गेलंय हे पाहायचं असेल, तर स्टार्टमध्ये 'सिगव्हेरिफ' हे विंडोजचंच साधन इंग्रजीत टाइप करून चालवा. ते बिनसहीच्या फाइलींची यादी देतं. कोपऱ्यात टेस्ट मोड दिसत असेल, तर त्याच कमांडने टेस्टसायनिंग ऑफ करा, रीस्टार्ट करा आणि बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. रिकव्हरी की मात्र हाताशी असू द्या.