थरथरता हात आणि कवटीचे हाड

परवा पुतण्याने घरच्या व्हॉट्सअॅप गटावर एक व्हिडिओ टाकला. एक परदेशी आजोबा कागदावर चकलीसारखे गोल काढताहेत, रेषा सगळी करवतीच्या दात्यांसारखी. मग त्यांच्या डोक्यावर मोठा टोप चढवून त्यांना एका यंत्रात सरकवतात. बाहेर आल्यावर तेच आजोबा तीच चकली स्वच्छ रेषेत काढतात आणि रडतात. खाली पुतण्याने लिहिले होते, "अक्काआत्यासाठी. एकदम नवीन शोध! ऑपरेशन नाही, काही नाही, नुसत्या आवाजाने बरे!!"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय ८१. तिचा हात गेली वीसेक वर्षे थरथरतो. आधी चहाची बशी वाजायची, मग ठिपक्यांची रांगोळी सुटली, मग तिने हळदीकुंकवाला जाणे बंद केले. का, ते आम्हाला फार उशिरा कळले. समोरच्या बाईला कुंकू लावताना बोट भुवईवर जायचे आणि बाया हसायच्या नाहीत, पण गप्प व्हायच्या. ते गप्प होणे तिला सोसत नसे.

व्हिडिओ पाहून तिचा फोन आला. "अरे, हे खरं आहे का? मी करून घेऊ का?" आता मी काही डॉक्टर नाही. ३४ वर्षे शाळेत इतिहास शिकवला, तेवढेच भांडवल. पण पुतण्याच्या निरोपातले दोन शब्द मला खटकले, 'एकदम नवीन' आणि 'ऑपरेशन नाही'. म्हटले, डॉक्टरी डॉक्टरांना ठाऊक, आपण याचा इतिहास तरी पाहू. नाती आणि शब्दकोश दोन्ही हाताशी घेऊन इंग्रजी वाचत बसलो. मंडळी, जे सापडले ते इथे मांडतो आहे.

पहिल्यांदा आजाराचे नाव. आपण हात हलला की सरसकट 'कंपवात' म्हणून मोकळे होतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये ज्या आजाराचे वर्णन केले तो वेगळा. त्यात हात स्वस्थ मांडीवर ठेवला असता हलतो. अक्काचा हात मांडीवर असताना अगदी शांत असतो. पेला उचलला, पेन धरले, सुईत दोरा ओवायला घेतला की सुरू. याला डॉक्टर 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात. मी आधी याचा अर्थ 'आवश्यक कंप' असा लावला आणि बुचकळ्यात पडलो! वैद्यकात इसेन्शियल म्हणजे ज्याचे कारण सापडत नाही ते. १८७४ मध्ये बुरेसी नावाच्या इटालियन डॉक्टरने हा शब्द कंपाला लावला आणि तो चिकटला. हा आजार पुष्कळदा घराण्यातून येतो. (आमचे वडील सही करताना डाव्या हाताने उजवे मनगट धरत, ते आम्ही त्यांची ऐट समजत होतो.) अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातला सॅम्युएल अॅडम्स, ज्याच्या लेखणीला इंग्रज सरकार वचकून असे, त्यालाही हाच कंप असावा असे अभ्यासकांचे मत आहे. उतारवयात त्याला मजकूर सांगून दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागे.

औषधे आली तीही दुसऱ्याच कामासाठी शोधलेली. जेम्स ब्लॅक यांनी हृदयासाठी काढलेले प्रोप्रॅनोलॉल १९७०च्या सुमारास कंपाला लागू पडते असे दिसले. मग फेफऱ्यावरचे प्रिमिडोन. अक्काला दमा आहे म्हणून पहिले देता येत नाही, दुसऱ्याने तिला गरगरते. अशा लोकांसाठी मेंदूची शस्त्रक्रिया हा मार्ग उरतो, आणि तो मार्ग एका अपघातातून मोठा झाला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला अर्व्हिंग कूपर पार्किन्सनच्या एका रुग्णावर वेगळीच शस्त्रक्रिया करत असताना मेंदूतली एक छोटी रक्तवाहिनी फाटली. ती बांधून त्यांनी शस्त्रक्रिया तिथेच सोडली. रुग्ण शुद्धीवर आला तर कंप गेलेला! मेंदूच्या खोल भागातला एखादा लहानसा तुकडा निकामी केला तर कंप थांबतो, ही गोष्ट पुढे पक्की झाली. त्या भागाला थॅलॅमस म्हणतात आणि त्यातली नेमकी जागा डाळीच्या दाण्याएवढी. प्रश्न एवढाच, की तिथे पोचायचे कसे? कूपर यांनी कवटीला भोक पाडून अल्कोहोल सोडले, नंतर द्रवरूप नायट्रोजनने गोठवून पाहिले. १९८७ मध्ये फ्रान्सच्या ग्रनोबल शहरात बेनाबिद यांनी तो भाग न जाळता तार घालून विजेच्या वेगवान स्पंदनांनी शांत केला. ती पद्धत आजही उत्तम चालते. पण त्यात तार मेंदूत, बॅटरी छातीत, आणि अक्का म्हणते, "मला घड्याळ लावल्यासारखं नको."

आता आवाजाकडे येतो. इथे मला खरी गंमत वाटली.

१८८० मध्ये पॅरिसमध्ये पिएर आणि जाक क्यूरी या भावांना दिसले की गारगोटीचा स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, दाबला की त्यावर वीज उमटते. उलट, वीज दिली की तो कंप पावतो. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी दाणादाण उडवली तेव्हा पिएर यांचे शिष्य पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या चकत्या पोलादी पट्ट्यांत बसवून पाण्यात आवाज सोडायला सुरुवात केली. कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनांचा. प्रतिध्वनी परत आला की पाणबुडी कुठे आहे ते कळे. पण तूलाँ बंदरातल्या त्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. आवाजाच्या झोतात आलेले मासे मरत होते, आणि त्या पाण्यात हात घातला तर वेदना होत. रॉबर्ट वूड या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते पाहिले आणि मायदेशी जाऊन आल्फ्रेड लूमिस या हौशी श्रीमंताच्या खासगी प्रयोगशाळेत त्याचा पाठपुरावा केला. १९२७ मध्ये त्यांचा लेख आला. तीव्र ध्वनीने जिवंत पेशी फुटतात हे त्यात नोंदले गेले.

१९४२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या काही संशोधकांनी या लहरी भिंगासारख्या एका बिंदूवर आणल्या. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो ना, तसेच. भिंगाखाली हात धरला तर वरवर काही होत नाही, बिंदूवर मात्र चटका बसतो. मांसाच्या आत चटका द्यायचा आणि वाटेतला भाग शाबूत ठेवायचा, ही कल्पना तेव्हाची आहे. म्हणजे आमच्या पुतण्याचा 'एकदम नवीन शोध' माझ्यापेक्षा वयाने मोठा निघाला!

या कथेत मला सर्वांत जास्त ज्यांचा लळा लागला ते विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय, इलिनॉय विद्यापीठातले दोन भाऊ. विल्यमने युद्धकाळात नौदलासाठी पाण्यातल्या ध्वनीवर काम केले होते. १९४६ मध्ये तो विद्यापीठात आला आणि त्याने मेंदूचा ध्यास घेतला. चार वेगवेगळ्या झोतांनी एकच बिंदू गाठणारे यंत्र या भावांनी बनवले. आधी मांजरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले. मग १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयोवाचे न्यूरोसर्जन रसेल मायर्स यांच्याबरोबर त्यांनी पार्किन्सनच्या माणसांवर उपचार केले आणि कंप कमी झाला. इतके सगळे जमले होते. मग हे घराघरांत का पोचले नाही?

कवटीमुळे. हाड ध्वनी शोषून घेते आणि स्वतः तापते. शिवाय ते सगळीकडे सारखे जाड नसते, त्यामुळे जो काही ध्वनी पार जातो तो वेडावाकडा होऊन जातो, बिंदू जुळतच नाही. म्हणून फ्राय बंधूंना आधी कवटीचा तुकडा कापून काढावा लागे आणि मगच ध्वनी सोडता येई. कवटी उघडायचीच, तर सुई का नको? शिवाय आत नेमके किती तापले हे पाहायला काही साधन नव्हते. हाताशी फक्त क्ष-किरण. १९६०च्या दशकाच्या शेवटी पार्किन्सनवर लेव्होडोपाचे औषध आले आणि कंपासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करवून घेणारेच कमी झाले. विल्यम फ्राय १९६८ मध्ये वारला. त्याला काही चुकले होते असे मला दिसत नाही. त्याला जे लागणार होते ते अजून जन्मायचे होते, एवढेच.

पुढची वीस-पंचवीस वर्षे मी भरभर वाचली, कारण या दिशेने फारसे घडले नाही. मग १९९०च्या दशकात बॉस्टनच्या एका रुग्णालयात दोन परदेशी माणसे एकत्र आली. फिनलंडचे कुल्लेर्व्हो हिनिनेन आणि हंगेरीचे फेरेन्त्स योलेस. योलेस एमआरआयवाले. एमआरआय नुसते चित्र दाखवत नाही, शरीरातल्या पाण्याचे तापमान बदलले की त्याचा संकेतही किंचित बदलतो, म्हणजे ते दुरून लावलेले थर्मामीटरच झाले. हिनिनेन ध्वनीवाले. त्यांनी कवटी टाळण्याचा नाद सोडला आणि तिचाच हिशेब मांडायचे ठरवले. डोक्यावर अर्धगोल टोप, त्यात शेकडो छोटे ध्वनिस्रोत. सीटी स्कॅनवरून हाड कुठे किती जाड ते मोजायचे, आणि प्रत्येक स्रोताला संगणकाने सांगायचे की तू क्षणभर आधी नीघ, तू क्षणभर मागून ये, म्हणजे सगळे आत एकाच वेळी पोचतील. (शाळेच्या सहलीत मागे राहणारी मुले आधी निघायला लावायचो, ते आठवले.) उष्णता साऱ्या कवटीभर पसरते म्हणून कुठे एका जागी भाजत नाही, आणि टोप व डोके यांच्यामध्ये थंड पाणी खेळवतात. अखंड कवटीतून हे जमू शकते असे त्यांनी १९९८ मध्ये दाखवले. १९९९ मध्ये इस्राएलमध्ये स्थापन झालेल्या इनसाइटेक कंपनीने यंत्र बनवले. त्या टोपात १०२४ स्रोत असतात.

२००९ मध्ये झुरिकहून पहिली बातमी आली, जुनाट वेदनेच्या नऊ रुग्णांची. २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात जेफ इलायस यांनी अक्कासारख्या कंपाच्या १५ जणांवर उपचार केले. आणि मग २०१६चा मोठा अभ्यास: ७६ रुग्ण, त्यांतल्या २० जणांना खोटा उपचार. डोके भादरले, चौकट बसवली, यंत्रात झोपवले, ध्वनी मात्र सोडला नाही! तीन महिन्यांनी खऱ्या उपचारवाल्यांचा हाताचा कंप सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झाला होता, खोट्यावाल्यांचा जवळजवळ जसाच्या तसा. त्या वीस जणांना नंतर खरा उपचार देऊ केला, हे वाचून बरे वाटले. त्याच वर्षी अमेरिकेने मान्यता दिली. भारतातही अशी यंत्रे आता आली आहेत.

४७ टक्के हा आकडा व्हिडिओत नसतो. व्हिडिओतल्या आजोबांचा कंप शंभर टक्के गेलेला दिसतो. त्याच अभ्यासात पहिल्या काही दिवसांत तिघांतल्या एकाहून अधिक जणांना चालताना तोल सावरत नव्हता, आणि साधारण तितक्याच जणांना मुंग्या किंवा बधिरपणा जाणवला. वर्षानंतर हे प्रमाण बरेच उतरले, पण ९ टक्क्यांचा तोल आणि १४ टक्क्यांचा बधिरपणा राहिलाच. काहींचा कंप काही काळाने थोडाफार परततो. दुसऱ्या बाजूच्या उपचाराला अमेरिकेत २०२२च्या अखेरीस मान्यता मिळाली, तीही मध्ये निदान नऊ महिने जाऊ देऊन. आणि 'ऑपरेशन नाही' म्हणायचे तर, सुरी नाही हे खरे. पण डोक्याला धातूची चौकट खिळ्यांनी पक्की करतात, सगळे केस काढतात, आणि मेंदूचा तो दाण्याएवढा भाग ५५-६० अंशांवर तापवून कायमचा निकामी करतात. माणूस जागा असतो. मध्ये मध्ये त्याला चकली काढायला लावतात, आधी कमी तापवून जागा बरोबर आहे ना ते बघतात, मगच शेवटचा चटका. हे मला शहाणपणाचे वाटले. तरी याला नुसता आवाज म्हणू नये. जाळणे ते जाळणेच.

आणखी एक. सगळ्यांच्या कवट्या याला चालत नाहीत. काहींच्या हाडाची घडणच अशी असते की ध्वनी पुरेसा आत जात नाही, त्यांना डॉक्टर आधीच नाही म्हणून सांगतात. इतक्या वर्षांनी, इतके संगणक लावूनही, फ्राय बंधूंचे ते हाड अजून काहींच्या बाबतीत आडवे येतेच.

हे सारे मी अक्काला दोन दिवस फोनवर थोडे थोडे सांगितले. ती मध्ये फारसे बोलली नाही.

"म्हणजे आत जाळणार ना?"

"हो. डाळीच्या दाण्याएवढं."

"आणि केस?"

"सगळे काढावे लागतात."

बराच वेळ गप्प. मला वाटले, झाले, विषय संपला. तिचा अंबाडा अजून मुठीएवढा आहे आणि तिला त्याचा अभिमान आहे. मग विचारले, "आधी कुठला हात करतात?"

"तू म्हणशील तो. पण धरून चाल, एकच."

"मग उजवा. कुंकू उजव्यानेच लावतात."

पुढच्या महिन्यात तिच्या कवटीचा सीटी स्कॅन आहे. सुनेने तारीख घेतली. हाड कसे निघते ते कळले की इथे लिहीनच. तोवर नातेवाईकांनी तिला आणखी व्हिडिओ पाठवू नयेत ही विनंती.