गाठ सुटते तेव्हा

‘कर्करोग’ हा शब्द आपण लिहितो, बोलत मात्र नाही. बोलण्यात ‘कॅन्सर’ येतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत त्याच्याही आधी येते ती ‘गाठ’: गालात गाठ आली, जिभेखाली गाठ आली. माझं मत असं की या तिघांत गाठच सर्वांत शहाणी.

ग्रीक वैद्यांना गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून त्यांनी रोगाला ‘कार्किनोस’ म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचंच ‘कॅन्सर’ झालं, आणि आपण राशिचक्रातला कर्क उचलून भाषांतर उरकलं. आपलं जुनं वैद्यक खेकड्याच्या वाटेला गेलंच नव्हतं. सुश्रुतसंहितेत ग्रंथी आहे, अर्बुद आहे, मांसात वाढणारं मांसार्बुद आहे. अर्बुद हा आकडाही आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त कोटीच्या पुढचं स्थान त्याचं, म्हणजे दहा कोटी. पेशींच्या बेसुमार वाढीला हे नाव झकास शोभतं खरं, पण सुश्रुताला पेशी ठाऊक नव्हत्या, तेव्हा या योगायोगात फार रमू नये.

ग्रंथी प्राकृतात ‘गंठि’ झाली आणि मराठीत गाठ. ग्रंथ, गाठोडं, खूणगाठ ही सगळी त्याच कुळातली. मराठीत गाठ मारतातही आणि गाठ येतेही. पहिली माणूस बांधतो, दुसरी आपोआप उद्भवते, असं आपण धरून चालतो. पण पेशीत डोकावलं तर या दोन गाठींचं नातं फार जवळचं निघतं.

१९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी दाखवलं की कोंबडीच्या मांसार्बुदाचा पेशीविरहित, गाळलेला अर्क टोचला तर दुसऱ्या कोंबडीलाही तो रोग होतो. मांसार्बुद म्हणजेच ‘सार्कोमा’. ग्रीक ‘सार्क्स’ म्हणजे मांस. त्या अर्कात विषाणू होता, आणि विषाणूतल्या ज्या जनुकाने हा उत्पात घडतो त्याला पुढे नाव मिळालं ‘सार्क’. १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेतून कळलं की हे जनुक मुळात विषाणूचं नाहीच. निरोगी कोंबडीच्याच पेशीतलं ते, विषाणूने उचललेलं. माणसाच्या पेशीतही ते असतं.

या जनुकापासून बनणारं सार्क प्रथिन म्हणजे टायरोसिन कायनेज हे विकर. नावाची फोड करू. ‘टायरोस’ म्हणजे चीज. रसायनशास्त्रज्ञ लीबिगना १८४६ मध्ये टायरोसिन हे अमिनो आम्ल चीजमधल्या केसिनपासून मिळालं. ‘कायनेज’मध्ये हालचालीचा ग्रीक धातू आहे. आणि हे विकर टायरोसिनवर जो फॉस्फेट चढवतं, त्यातला फॉस्फरस म्हणजे प्रकाशवाहक, ग्रीकांचा पहाटेचा शुक्र. एवढी काव्यमय नावं एका रेणूच्या वाट्याला आली आणि मराठी पाठ्यपुस्तकात उरलं काय, तर ‘फॉस्फोरिलीकरण’. उच्चारून पाहावं.

आता गाठ. सार्कच्या शेपटाकडे ५२७ क्रमांकाचं टायरोसिन आहे (कोंबडीच्या मोजणीने; माणसात ते ५३०वं). सीएसके नावाचं दुसरं कायनेज त्यावर फॉस्फेट चढवतं, आणि ते शेपूट वळून सार्कच्याच अंगातल्या एका खाचेत अडकतं. रेणू स्वतःच्या शेपटाने बांधला जातो आणि गप्प बसतो. ४१६व्या टायरोसिनवर मात्र फॉस्फेट चढला की सार्क पुरतं कामाला लागतं. फॉस्फेट तोच, एका जागी बांधतो, दुसऱ्या जागी चेतवतो. विषाणूच्या सार्कमध्ये उत्परिवर्तनाने शेपटाचा तो तुकडाच गेलेला असतो, त्यामुळे बांधायला काही उरत नाही. ही गाठ सुटली की ती गाठ येते.

टायरोसिनवर फॉस्फेट चढतो हेच १९७९ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. फॉस्फेट चढलेली अमिनो आम्लं वेगळी करताना टोनी हंटर यांनी ताजं द्रावण करायचा आळस केला, जुन्याची आम्लता थोडी बदललेली होती, आणि एरवी एकत्र सरकणारे दोन ठिपके वेगळे झाले; त्यातला एक टायरोसिनचा निघाला. आळसाचं इतकं गोड फळ विज्ञानात दुर्मीळच.

गडचिरोलीच्या गालातल्या गाठीत विषाणूचं सार्क नसतं. तिथे असतो खर्रा: सुपारी, तंबाखू आणि चुना, पन्नीवर घोटून केलेला. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पण खर्रा टपरीवर डोळ्यांसमोर घोटला जातो, त्याला ना कंपनी ना वेष्टन. तंबाखूतली नायट्रोसामाइनं डीएनएत बदल घडवतात, आणि पेशीला आवरणारं पी-५३ जनुक पुष्कळदा त्यात बिघडतं. सार्कचं जनुक मात्र बहुधा धडधाकटच असतं; पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर हे दुसरं टायरोसिन कायनेज गरजेपेक्षा जास्त झालेलं असतं आणि तेच सार्कला जागं ठेवतं. म्हणजे शेपूट शाबूत असूनही गाठ सुटते. सुपारीने गालाचं आतलं अस्तर घट्ट होत जातं ते वेगळंच: उभी तीन बोटं तोंडात जात नाहीत. ‘सर्च’ संस्था आणि शासन यांचं ‘मुक्तिपथ’ अभियान गडचिरोलीत दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करतं, ते या कारणाने.

सार्कला रोखणारं डॅसॅटिनिब हे औषध आहे, पण ते वापरतात रक्ताच्या कर्करोगात, सार्कचं चुलत भावंड असलेल्या एबीएल या कायनेजसाठी. गालातल्या गाठीवर मुख्य उपाय अजूनही शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच आहेत.