पान्हा आणि वेदना

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तहनामे आमच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु मनुष्याच्या सुखदुःखाचा पुष्कळसा भाग बाळंतिणीच्या खोलींत घडला, आणि तेथील बखर सहसा कोणीं लिहिली नाहीं. पहिल्या आठवड्यांत मूल अंगावर घेतांना बाळंतिणीस जी कळ येते, बोंडशीस ज्या चिरा पडतात, दूध सांचून स्तन दगडासारखे होतात, त्या दुःखाची कथा अशीच उपेक्षित आहे. ‘सोसलें पाहिजे’ एवढ्या दोन शब्दांत घरोघर तिचा निकाल लागत आला. तो निकाल कितपत न्याय्य होता, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

आमच्या जुन्या वैद्यांनीं या विषयाकडे पाठ फिरविली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत स्तनरोगांचा विचार आहे. पाजण्यापूर्वीं स्तन धुवावा व थोडें दूध पिळून टाकावें. ताठलेला स्तन तसाच दिल्यास मुलास खोकला, धाप व वांति होते, असें शारीरस्थानांत सांगितलें आहे. दूध स्रवण्याचें कारण मुलावरील अखंड स्नेह होय, असेंही तो ग्रंथ म्हणतो. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

युरोपांत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत एफेससच्या सोरेनसनें पहिले वीस दिवस आईनें पाजूं नये, असें मत दिलें. चिकाविषयींचा हा संशय तेथें शतकानुशतकें टिकला. आमच्याकडेही कित्येक घरांत चीक टाकून मुलास मधाचें बोट चाटवीत. मूल दूर ठेवलें कीं दूध सांचे, स्तन सुजत आणि बाळंतिणीस ताप भरे. त्यास ‘दुधाचा ताप’ असें नांवही मिळालें! १७४८ सालीं विल्यम कॅडोगननें शिशुसंगोपनावरील निबंधांत या रूढींवर टीका केली, आणि १७७३ सालीं मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइटनें मूल होतां होईल तों लवकर आईस लावावें असें आग्रहानें सांगितलें. दुखण्याचें मूळ दुधांत नसून तें अडवून ठेवण्यांत होतें.

बोंडशीच्या चिरांची कथा याहून करुण आहे. त्यांवर झांकण म्हणून लांकूड, हस्तिदंत, रुपें इत्यादींच्या टोप्या निघाल्या. एकोणिसाव्या शतकांत शिशाच्याही टोप्या विकत मिळत. आईच्या दुःखावरील हा उतारा मुलाच्या पोटांत विष होऊन उतरे. पुढें विसाव्या शतकांत घड्याळाचें राज्य आलें. न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग यांच्या अनुयायांनीं दर चार तासांनीं पाजण्याचा दंडक घातला. भुकेनें रडणारें मूल आणि भरून ठणकणारा स्तन, दोघांनींही कांट्याकडे पाहत बसावें!

१९४५ सालीं मेव्हिस गुंथर या इंग्रज डॉक्टरीणबाईंनीं ‘लॅन्सेट’ पत्रांत हें कोडें उलगडण्याचा यत्न केला. त्यांनीं त्वचेच्या नाजूकपणापेक्षां मूल स्तन कसें धरतें याकडे लक्ष वेधलें. नुसतें टोंक तोंडांत आलें तर तें चिरडलें जातें. भोवतालच्या काळसर वर्तुळाचा बराच भाग आंत गेला तर कळ थांबते.

तीन वर्षांनीं, १९४८ सालीं, न्यूटन या अमेरिकन दांपत्याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाजणाऱ्या आईचे पाय बर्फाच्या पाण्यांत बुडवून, पायाचा अंगठा दुखेल असा ओढून, भराभर गणितें विचारून तिला त्रास दिला. एरव्हीं मुलास सरासरीनें १६८ ग्रॅम दूध मिळे, तें ९९ ग्रॅमांवर आलें. ऑक्सिटोसिन टोंचतांच तें पुन्हां १५३ वर गेलें. दूध आटलें नव्हतें. पान्हा अडला होता. सुश्रुताचें तें वाक्य आणि हा प्रयोग शेजारीं ठेवले म्हणजे आम्हांस मौज वाटते, आणि खेदही होतो. कारण वेदना पान्हा अडविते, अडलेलें दूध स्तन ताठविते, आणि ताठलेला स्तन मुलास नीट धरतां येत नाहीं. जिला ‘सोस’ म्हणून सांगितलें, तिलाच पुढें ‘तुला दूध नाहीं’ असा ठपका मिळे.

आज उपाय साधे आहेत. मुलाचें तोंड मोठें उघडूं द्यावें, हनुवटी स्तनास टेकवावी, कळ राहिल्यास बोटानें चोखणें सोडवून पुन्हां लावावें. ताठलेलें थोडें दूध आधीं हातानें काढावें. स्तन लाल होऊन ताप आला तर डॉक्टर गांठावा. परंतु पाजणें बहुधा थांबवूं नये, असेंच जागतिक आरोग्य संघटनेनें २००० सालीं सांगितलें. ‘सोसलें पाहिजे’ हा निकाल, आमच्या मतें, आतां फिरवावयास हवा. बाळंतिणीची कळ ही तक्रार नव्हे, ती सूचना होय. आणि ती ऐकणें हें तिच्या एकटीचें नव्हे, साऱ्या घराचें काम आहे.