ट्युलिप : कंदांच्या जोपासनेचा इतिहास
पलांडू कुलातील (लिलिएसी) ट्युलिप ही कडक हिवाळा सोसणारी कंदयुक्त ओषधी होय. तिच्या अनेक रानटी जाती मध्य आशियाच्या डोंगराळ भागात आढळतात. तुर्की उद्यानांत मान्यता पावलेली ही वनस्पती १६ व्या शतकात पश्चिम यूरोपात पोहोचली. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियस यांनी लायडन विद्यापीठाच्या उद्यानात लावलेल्या कंदांना १५९४ मध्ये फुले आली. एकरंगी फुलाचा कंद एखाद्या वर्षी अकस्मात पट्टेदार फुले देऊ लागतो व अशी झाडे पुढे खंगत जातात, हेही त्यांनी नोंदविले होते. त्यातील इशारा मात्र दुर्लक्षित राहिला.

पांढऱ्या वा पिवळ्या पाकळ्यांवर लाल-जांभळ्या ज्वाळा उमटलेली फुले डच धनिकांना विशेष प्रिय होती. बीपासून फूल येण्यास पाच ते सात वर्षे लागतात आणि हे पट्टे बियांतून उतरत नाहीत. त्यामुळे बाजूस सुटणाऱ्या पिल्लांवरच भिस्त होती, आणि पट्टेदार कंदाला पिल्ले थोडीच येत. ‘सेंपर ऑगस्टस’ या प्रकाराच्या दुर्मिळतेचे मूळ यातच होते. जमिनीतील कंदांचे सौदे चढत्या भावाने होऊ लागले; फेब्रुवारी १६३७ मध्ये भाव कोसळले. त्यायोगे हॉलंडचे अर्थकारणच बुडाले, हे वारंवार केले जाणारे विधान मात्र अतिशयोक्त होय.

पट्टे मिळविण्यासाठी माळी खते बदलीत, दोन कंदांचे अर्धे भाग एकत्र बांधीत. १९२८ मध्ये इंग्लंडमधील डोरोथी केली यांनी पट्टेदार कंदाचा तुकडा निरोगी कंदावर कलम करून हा दोष संक्रामक असल्याचे दाखविले. तो विषाणुजन्य असून मावा किडीमुळे पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. ज्या गुणासाठी मोठ्या रकमा मोजल्या, तो रोगच होता. ‘सेंपर ऑगस्टस’ नामशेष झाला. आजच्या व्यापारी पट्टेदार प्रकारांतील रंग आनुवंशिक असतात. रोगट झाडे मळ्यातून उपटून टाकतात.

मूळ कंद दरवर्षी संपतो व त्याची जागा नवे कंद घेतात. म्हणून फूल गळाल्यावर पाने हिरवी असताना कापू नयेत. त्यांनीच पुढील कंद पोसला जातो. पाने पिवळी पडल्यावर कंद काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवतात. पुढील वर्षीच्या फुलाची कळी या विश्रांतिकाळातच कंदात घडते. शरद ऋतूत निचऱ्याच्या जमिनीत कंदाच्या उंचीच्या सुमारे तिप्पट खोलीवर लागवड करतात. दांडा नीट वाढण्यास काही आठवड्यांची थंडी आवश्यक असते. महाराष्ट्राच्या मैदानी भागात ती मिळत नसल्याने तेथे शीतगृहात ठेवलेले कंद कुंडीत लावल्यास एखादा बहर येतो, पण तेच कंद सहसा पुन्हा फुलत नाहीत.