घर विकणारे छायाचित्र : ल ग्रेच्या आकाशापासून कॅलिफोर्नियाच्या कायद्यापर्यंत

१/१४
घर विकायचे असो वा भाड्याने द्यायचे असो, आज ग्राहकापुढे आधी त्याचे छायाचित्र जाते. खोली प्रशस्त, भिंती उजळ, खिडकीबाहेर निळेभोर आकाश. प्रत्यक्ष पाहायला गेले की खोली आखडते आणि आकाश मळकट होते. ही किमया संगणकाने आणली, असा सर्वसाधारण समज आहे. तिचा इतिहास मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे. (थ्रेड)

२/१४
अडचणीचे मूळ कॅमेऱ्याच्या नजरेत आहे. अंधारा कोपरा आणि खिडकीबाहेरचे ऊन ही दोन्ही माणसाचा डोळा सहज सामावून घेतो. कॅमेऱ्याला एका वेळी प्रकाशाचे एकच प्रमाण निवडावे लागते. खोली नीट टिपली तर खिडकी पांढरीफटक पडते. खिडकी टिपली तर खोली काळोखात बुडते.

३/१४
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही अडचण फारच तीव्र होती. ओल्या कलोडियनचा लेप दिलेल्या काचा निळ्या प्रकाशाने लवकर भाजत. त्यामुळे जमीन किंवा पाणी नीट उमटेपर्यंत आकाश कोरे होऊन जाई. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे याने यावर तोड काढली : समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी.

४/१४
सेत येथील उसळत्या लाटेचे त्याचे १८५७ मधील प्रसिद्ध चित्र अशाच दोन निगेटिव्ह क्षितिजाच्या रेषेवर सांधून तयार झाले. समुद्र खरा होता, ढगही खरे होते. फक्त दोघांची वेळ एक नव्हती. पुढे ल ग्रेने तेच ढग दुसऱ्या समुद्रांवरही चढवले. दुरुस्ती कोठे संपते आणि रचना कोठे सुरू होते, हा प्रश्न त्या ढगांपासूनच उभा आहे.

५/१४
घरांच्या छायाचित्रणात या प्रश्नाला खरी धार आली ती लॉस एंजेलिसमध्ये. १९३६ साली ज्युलियस शुलमन या पंचविशीतल्या हौशी तरुणाने खिशात मावणाऱ्या कोडॅक कॅमेऱ्याने एका नव्या घराची काही छायाचित्रे घेतली. ती घराचे वास्तुकार रिचर्ड नॉयट्रा यांना आवडली आणि त्यांनी ती विकत घेतली. शुलमनचा आयुष्यभराचा व्यवसाय तेथून सुरू झाला.

६/१४
नॉयट्रांसारख्या आधुनिक वास्तुकारांना छायाचित्राची गरज मोठी होती. सपाट छपरे, पोलादी खांब आणि काचेच्या भिंती असलेले घर सामान्य ग्राहकाला परके वाटे. प्रत्यक्ष घर पाहणारे थोडे, मासिक चाळणारे असंख्य. अशा घरात सुखाने राहता येते, हे पटवण्याचे काम छायाचित्रावर येऊन पडले. आपण वास्तुकला विकतो, असे शुलमन उघडपणे मानत.

७/१४
१९४७ मध्ये पाम स्प्रिंग्ज येथील कॉफमन यांच्या वाळवंटी घराचे छायाचित्र त्यांनी सांजवेळी घेतले. मावळतीचे आकाश, मागचा डोंगर आणि घरातले दिवे एकाच निगेटिव्हवर हवे होते. सुमारे पाऊण तास त्यांनी शटरची उघडझाप केली, आत-बाहेर धावत गरजेप्रमाणे दिवे लावले. जलतरण तलावातला एक दिवा निगेटिव्ह खराब करील म्हणून श्रीमती कॉफमन यांना तलावाकाठी आडवे होऊन तो झाकायला सांगितले.

८/१४
पाहणाऱ्याला त्या चित्रात निवांत पहुडलेली गृहस्वामिनी दिसते. खरे तर ती त्या क्षणी छायाचित्रकाराचे काम करत होती.

९/१४
शुलमन सजावटीतही हात राखत नसत. घराभोवतीची बाग अजून वाढलेली नसेल तर कोणाकडून तरी झाडाची फांदी भिंगासमोर धरवून घेत. खोलीतले सामान हलवत, नवे आणवत. नॉयट्रा तर उलट सामान बाहेर काढायला लावत. इमारतीच्या उभ्या रेषा तिरप्या दिसू नयेत म्हणून भिंग सरकवता येणारा मोठा कॅमेरा वापरला जाई. तिरप्या भिंती सरळ करणारे आजचे सॉफ्टवेअर तेच काम करते.

१०/१४
मे १९६० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या टेकडीवरील स्टाल कुटुंबाच्या घराचे छायाचित्र घेतले. वास्तुकार पिएर केनिग. दरीवर झेपावलेल्या काचेच्या खोलीत दोन तरुणी गप्पा मारत बसल्या आहेत आणि खाली शहराचे दिवे पसरले आहेत. त्या दिव्यांसाठी शटर सुमारे सात मिनिटे उघडे ठेवले गेले. तोवर तरुणी अंधारात बसून होत्या. शेवटी फ्लॅश उडाला आणि खोली उजळली. घर तेव्हा पुरते तयारही झालेले नव्हते, आणि त्या तरुणी तेथे राहणाऱ्या नव्हत्या.

११/१४
हे कसब पुढे गणितात उतरले. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी कमी-अधिक प्रकाशात घेतलेल्या अनेक छायाचित्रांतून दृश्याची खरी प्रकाशव्याप्ती काढण्याची पद्धत मांडली. आज घरांचे छायाचित्रकार खोलीसाठी एक आणि खिडकीसाठी दुसरे छायाचित्र घेऊन दोन्ही जोडतात. २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची स्वतंत्र सोय आली. ल ग्रेचा सांधा आता एका क्लिकवर बसतो.

१२/१४
सोय वाढली तसा धोकाही वाढला. फांदी धरायला माणूस लागे, सामान आणायला गाडी लागे. आता रिकाम्या खोलीत सोफा, उजाड अंगणात हिरवळ आणि विजेचा खांब नसलेला रस्ता बसल्या जागी तयार होतो. ग्राहकाची मात्र आयुष्यभराची कमाई पणाला लागते. शुलमन ज्या कॅलिफोर्नियात घरे टिपत, त्याच राज्याने याबाबत कायदा केला. तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला.

१३/१४
प्रकाश, रंगसंतुलन, कातरणी, तिरपेपणा यांची नेहमीची दुरुस्ती या कायद्याने मोकळी ठेवली आहे. सामान, भिंतींचा रंग, बाग, खिडकीतून दिसणारे दृश्य यांत डिजिटल फेरफार केला असेल, तर तो जाहीर करून मूळ छायाचित्रही उपलब्ध करावे लागते. म्हणजे कॅमेऱ्याची उणीव भरून काढणे क्षम्य, घराची उणीव लपवणे नव्हे. या मापाने शुलमनच्या सात मिनिटांना हरकत नाही. ल ग्रेच्या ढगांना मात्र खुलासा जोडावा लागला असता.

१४/१४
भारतात २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाचे, म्हणजे ‘रेरा’चे, कलम १२ याच दिशेने जाते. विकासकाच्या जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाले, तर भरपाई द्यावी लागते; त्याला व्यवहार सोडायचा असेल तर रक्कम व्याजासह परत करावी लागते. छायाचित्र ही कला राहील, पण किंमत मोजणाऱ्यासाठी ते एक वचनही आहे, आणि वचन पाळावे लागते.