चेनसॉ पहिल्या ओढीत सुरू का होत नाही?

पावसाळ्याच्या तोंडावर शहरांतून झाडे उन्मळून पडू लागतात आणि अग्निशमन दलाच्या गाडीतून एक यंत्र खाली उतरते. हीच ती यांत्रिक करवत, अर्थात चेनसॉ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा गावोगावचे रस्ते आडव्या झाडांनी बंद झाले होते. अशा प्रसंगी पथकाजवळ करवत असून भागत नाही, ती सुरूही व्हावी लागते. आणि वर्षभर कपाटात राहिलेले यंत्र नेमके त्याच वेळी हटून बसते.

जर्मनीच्या आंद्रेआस श्टिल यांनी १९२९ मध्ये बनवलेली पेट्रोलवरील करवत तब्बल ४६ किलोंची होती आणि ती चालवण्यास दोन माणसे लागत. आज मध्यम आकाराच्या समजल्या जाणाऱ्या, साधारण ५० ते ६० सीसीच्या करवती पाते व साखळी वगळता पाच-सहा किलोंच्या असतात. चांगल्या प्रतीचे ५० सीसीचे यंत्र सुमारे तीन किलोवॅट, म्हणजे चार अश्वशक्ती देते. एकेकाळी घरोघरी दिसणाऱ्या लुनाचे इंजिनही ५० सीसीचेच होते, आणि तेही टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची त्या काळची सवय इथेही उपयोगी पडते. बहुतेक आधुनिक यंत्रांना पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, म्हणजे पाच लिटरला १०० मिलिलिटर, असे प्रमाण लागते.

सुरू करताना होणारी सर्वांत मोठी चूक कानाची असते. थंड इंजिनासाठी चोक लावून दोरी ओढली की दोन-चार ओढींत एक क्षीण ‘फट्’ असा आवाज येतो आणि इंजिन लगेच बंद पडते. हाच इशारा होय. त्यानंतर चोक काढून दोरी ओढावयाची असते. हा आवाज हुकला आणि चोक लावलेलाच राहिला, तर प्रत्येक ओढीबरोबर सिलिंडरमध्ये आणखी पेट्रोल शिरते व स्पार्क प्लग ओलाचिंब होतो. मग कितीही जोर लावा, उपयोग शून्य! अशा वेळी यंत्राचे बटण बंद करून प्लग काढावा व पुसून कोरडा करावा. चोक उघडा ठेवून दोरी पाच-सहा वेळा ओढावी आणि मगच प्लग पुन्हा बसवावा. नुकत्याच थांबवलेल्या गरम इंजिनाला मात्र सहसा चोक लागतच नाही.

काही यंत्रांत सिलिंडरमधील दाब कमी करणारे छोटे बटण असते. ते दाबल्यास दोरी हलकी होते. नव्या पिढीच्या काही करवतींत पेट्रोल व हवेचे प्रमाण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आपोआप जुळते. सोय मोठी आहे, पण शिळ्या पेट्रोलपुढे तीही फारशी चालत नाही.

खरे दुखणे पेट्रोलचेच आहे. आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. कार्बोरेटर हाताने जुळवावा लागतो अशा करवतींसाठी उत्पादक साधारणपणे दहा टक्क्यांचीच मर्यादा सांगतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा फार झाला की पाणी व इथेनॉल एकत्र येऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि टाकीतून इंधन ओढणाऱ्या नळीचे तोंडही तळाशीच असते. कार्बोरेटरमधील पातळ पडदे ताठरतात, नळ्या चिरतात. कोकणच्या दमट हवेत हे लवकर घडते. म्हणून मिश्रण थोडेच बनवावे व महिन्याभरात संपवावे. यंत्र दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

सुरू झालेली करवत कापते किती, हे इंजिनाइतकेच साखळीवर अवलंबून असते. आज रूढ असलेल्या साखळीच्या दातांची कल्पना अमेरिकेतील जोसेफ कॉक्स यांना लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यावरून सुचली. १९४७ पासून ती साखळी बाजारात आली. धारदार साखळी लाकडाच्या ढलप्या काढते, तर बोथट साखळी नुसता भुसा. भुसा दिसू लागला की यंत्रावर जोर देण्याऐवजी गोल कानस हाती घ्यावी. पात्याला तेल पोहोचते की नाही, हेही पाहावे. त्याची टाकी निराळी असते.

करवत हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढण्याची पद्धत सर्रास दिसते. ती अत्यंत धोकादायक आहे. यंत्र जमिनीवर ठेवावे, साखळीचा ब्रेक लावावा, मागील मुठीत उजव्या पायाचे टोक रोवावे, डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरावी आणि उजव्या हाताने दोरी ओढावी. इंजिन मंद चालत असताना साखळी स्थिर राहिली पाहिजे. फिरत असेल, तर दुरुस्तीशिवाय ते यंत्र वापरू नये.