गर्भाची वाढ रोखून धरणारी टॅमर वॉलबी

१६२९ मध्ये 'बटाव्हिया' हे डच जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळील हौटमन अब्रोल्होस बेटांपाशी फुटले. जहाजाचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट याने तेथील एका विचित्र प्राण्याचे वर्णन लिहून ठेवले. त्याची पिले आचळातूनच उगवतात, असा त्याचा समज झाला होता. त्याला हसण्याचे कारण नाही. अर्ध्या ग्रॅमहूनही हलके पिलू जन्मताच पुढच्या पायांनी सरपटत पिशवीत शिरते आणि आचळाला घट्ट चिकटते.

हीच टॅमर वॉलबी, कांगारूच्या कुळातील लहान चणीचा प्राणी. मोठ्या नराचे वजन नऊ किलोच्या आसपास भरते, मादी त्याहून लहान असते. दिवसा दाट झुडपांत दडायचे आणि अंधार पडला की गवतावर चरायला यायचे, हा तिचा क्रम. गोडे पाणी नसेल तर ती समुद्राचे खारे पाणी पिऊनही तग धरते.

खरी नवलाई तिच्या गर्भधारणेत आहे. बहुतेक माद्या जानेवारीच्या अखेरीस वितात आणि काही तासांतच त्यांचा पुन्हा समागम होतो. नवा गर्भ सुमारे शंभर पेशींचा झाला की त्याची वाढ थांबते. पिशवीतले पिलू दूध ओढत असते, तोवर ते चोखणेच त्या गर्भाला रोखून धरते. पुढे हे काम दिवसाच्या लांबीकडे जाते. दक्षिण गोलार्धातील सर्वांत मोठा दिवस, २२ डिसेंबर, उलटला की गर्भ जागा होतो आणि महिनाभराने पिलू जन्मते. वर्षाच्या पूर्वार्धात पिशवीतले पिलू दगावले, तर मात्र थांबलेला गर्भ लगेच वाढीला लागतो.

एवढी तजवीज असूनही दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून ही जात नाहीशी झाली. शेतीसाठी झुडपे तोडली गेली आणि युरोपीयांनी आणलेल्या कोल्ह्यांनी उरलेल्यांचा फडशा पाडला. कांगारू बेटावर कोल्हे नसल्याने तेथील कळप टिकले; पण मुख्य भूमीवरचा वंश वेगळा होता. तो सापडला न्यूझीलंडमध्ये! गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे यांनी १८७० च्या सुमारास कावाऊ बेटावर सोडलेल्या वॉलबी त्याच वंशाच्या असल्याचे जनुकीय तपासणीत दिसून आले. न्यूझीलंडमध्ये वॉलबी उपद्रवी ठरवून मारल्या जातात. त्यांतील काही परत आणून २००४ मध्ये इन्स राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आल्या. त्याआधी तेथील कोल्ह्यांचा बंदोबस्त करावा लागला, आणि तो आजही चालू ठेवावा लागतो.